दयाळ कोणत्या बाजूला गातो

शाळेच्या मैदानात बदामाचं एक झाड आहे. माघ सरत आला की त्याची पानं आधी कडेनं, मग शिरांपर्यंत तांबडी होतात आणि एकेक करून खाली येतात. परवा आठवीच्या वर्गात मी फळ्यावर नकाशा अडकवत होते. खिडकीतून असंच एक पान उतरताना दिसलं, आणि त्याच वेळी सगळ्या मुलींच्या माना उजवीकडे वळल्या. बाहेर काहीतरी गात होतं. मलाही ऐकू येत होतं. एक लांब शीळ, तिला शेवटी दिलेली गिरकी, थोडा थांबा, पुन्हा शीळ. दयाळ होता. मुलींच्या माना पाहून मीही उजवीकडे वळले. त्या वळल्या नसत्या तर मी कुठे पाहिलं असतं, देव जाणे.

चार वर्षं झाली. पानगळ परत आली की मला अजून ती पानगळ आठवते.

मी धुळ्याला एका शाळेत भूगोल शिकवते. माहेर जामनेरकडचं. हे, म्हणजे माझे यजमान, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता निवृत्त झालेत. आम्हाला मूलबाळ झालं नाही. रविवार आला की मी कॅमेरा खांद्याला लावून घराबाहेर पडायची, अशी वीस वर्षं गेली. मोठ्या, रुबाबदार पक्ष्यांच्या मागे मी कधी लागले नाही. गरुड, करकोचे इतरांनी काढावेत. मला गाणारी लहान पाखरं हवी असत, आणि तीही पानगळीतली.

लोक पावसाळ्याच्या शेवटी हिरवं रान बघायला जातात. आमचं रान खरं बघावं ते माघ-फाल्गुनात. सागाची पानं पापडासारखी वाळून फांदीवरच कुरकुरत असतात, मोहाची तांबूस होऊन गळतात, आणि कुसुमाला तर जुनी पानं पुरती झडायच्या आत लालभडक पालवी फुटते. लांबून बघणाऱ्याला डोंगर नुसता जळाल्यासारखा दिसतो. जवळ जाऊन लेन्समधून पाहिलं की तपकिरीच्या किती छटा असतात ते कळतं, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एखादा सुभग हळदीच्या बोटासारखा पिवळा बसलेला असतो. पानं गेल्यामुळे पाखरू लपू शकत नाही. आणि नेमकं याच दिवसांत दयाळ कंठ फोडतो. वर्षभर शेपटी उडवत गपचूप किडे टिपणारं हे काळंपांढरं पाखरू माघात एका सकाळी उंच फांदीवर जाऊन बसतं आणि गायला लागतं.

फोटो कापायचा कसा, हे मला भिकनभाऊनं शिकवलं. जळगावात त्याचा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो यांवर त्याचं चालतं, पण नजर अशी की मोठ्या शहरातल्या माणसाला लाजवील. माझे पहिले फोटो पाहून तो म्हणाला होता, "बाई, पाखरू असो की नवरदेव, ज्या बाजूला तोंड त्या बाजूला जागा सोडायची. नाहीतर बघणाऱ्याचाच जीव घुसमटतो." पाखरू मधोमध ठेवू नये, शेपटीचं टोक कधी कापू नये, फांदी कोपऱ्यातून आत यावी, वाळलेलं पान नको असलं तरी एखादं राहू द्यावं, असे त्याचे नियम. आम्ही दोघं त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसून एका फोटोवर तासभर वाद घालायचो. विजेची तार, दगडाची कड, मागचा धूर, जे जे पाखराचं नाही ते सगळं आम्ही कापत जायचो. मोठ्या रानातून शेवटी हातभर चौकोन उरायचा आणि त्यात एक जीव.

पण कापणं ही पुढची गोष्ट. आधी पाखरू सापडायला हवं, आणि ते मला कानानं सापडायचं. शीळ आली की मान आपोआप तिकडे जायची आणि डोळे नंतर पोचायचे. हे एकदा माझ्याबरोबर आले होते. परतताना म्हणाले, "तू कॅमेरा उगाच नेतेस. फोटो तर कानानंच काढतेस." या माणसानं आयुष्यभर चालू इंजिनावर कान लावून त्याचा आजार ओळखलेला, त्यामुळे ती त्यांच्याकडून मोठी शाबासकी होती.

त्या वर्षी जळगावातल्या पक्षी पाहणाऱ्यांच्या एका गटानं प्रदर्शन ठरवलं. एक भिंत मला दिली. पानगळीतली गाणारी पाखरं, बारा फोटो. अकरा तयार होते. बारावा दयाळ गातानाचा हवा होता, चोच उघडी आणि गळा फुगलेला, आणि तसा माझ्याकडे वीस वर्षांत एकही नव्हता. महाशिवरात्रीला जोडून मी शाळेतून रजा टाकली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दूध तापत होतं आणि फोन वाजला. मी नेहमीप्रमाणे डाव्या कानाला लावला. पलीकडे काहीच नाही. फोन बिघडला म्हणून मी तो बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा वाजला, पुन्हा काही नाही. मग दूध उतू जायला लागलं म्हणून हात बदलला, फोन उजव्या कानाला आला, आणि भिकनभाऊ बोलत असलेला ऐकू आला. "हॅलो, बाई, बाराव्याचं काय?"

डावा कान कुणीतरी कापसानं गच्च भरल्यासारखा झाला होता. आत बारीक शिट्टी वाजत होती, लांबच्या गावात चक्की सुरू असावी तशी. मी यांना सांगितलं. यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"आजच दाखवून घे."

"सर्दी असेल. आल्यावर दाखवते."

"एक सिलिंडर बंद पडलेली गाडी आम्ही डेपोच्या बाहेर सोडत नाही," हे म्हणाले.

मी हसले. आज आठवलं की त्या हसण्याची मला शिसारी येते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी साक्रीमार्गे पिंपळनेरला गेले आणि तिथून जीपनं डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर. सोनाअक्काच्या घरी.

अक्का तेव्हा साठीच्या पुढची. डोंगरउतारावर थोडी कोरडवाहू जमीन, आणि बाकी जे काही ते रानातून. मोहाची फुलं, डिंक, चारोळी. मी दर पानगळीत तिच्याकडे उतरायची. जामनेरकडचं माझं बोलणं ऐकून ती अजून हसते, म्हणते हे धड इकडचंही नाही नि तिकडचंही नाही. मी गेले तेव्हा ती मोहाखालची वाळलेली पानं झाडून जागा स्वच्छ करत होती, फुलं गळायला लागली की वेचायला सोपी जावीत म्हणून. दयाळाला ती सकायनं पाखरू, म्हणजे सकाळचं पाखरू म्हणते. "येस ना रोज," ती म्हणाली. "त्या सागडावर बठस."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो गायला लागला. मी उजवीकडे वळले. तिथे कुणी नव्हतं. शीळ पुन्हा आली. मी आणखी उजवीकडे वळले. फांदी न् फांदी लेन्सनं चाळली. एकेका वाळक्या पानानं मला फसवलं. तो गातच होता, इतका जवळ की त्याच्या श्वासाची जागा कळावी, आणि मला तो सापडत नव्हता. मी वळत वळत पूर्ण फेरी मारली, घाण्याच्या बैलासारखी. मागून अक्काचा आवाज आला, की पुढून, तेही कळलं नाही.

"तथा कसाले देखस? आठे शे ना तो."

मी तिच्या हाताच्या दिशेनं वळेपर्यंत तो उडाला होता.

मी डोंगराला दोष दिला. उतारावर आवाज आपटून उलटा येतो, असं अक्काला सांगितलं, जणू मी तिथे वीस वर्षं नव्हे तर पहिल्यांदाच आले होते. दुसरा दिवस तसाच गेला, तिसरा तसाच. मी घाबरले होते, पण आपण घाबरलो आहोत हे स्वतःला कळू द्यायचं नाही म्हणून आणखी पहाटे उठत होते. तिसऱ्या दिवशी चालताना जमीन एका बाजूला कलली. मी सागाच्या बुंध्याला मिठी मारून उभी राहिले. अक्का डावीकडून हाका मारत होती म्हणे. चार हाका मारल्या, मग ती समोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"डावा कान बंद शे का तुना?"

"सर्दी झालीय अक्का."

"सर्दी नाकले व्हस बाई, एक कानले नही." मग म्हणाली, "घर जा. डागदरले दखाड."

"फोटो मिळाला की जाते."

हे मी म्हणाले. कुणी मला अडवून ठेवलं नव्हतं. जीप रोज दुपारी पिंपळनेरला जात होती आणि मी तिच्यात बसले नाही. पुढे कितीतरी महिने मी त्या जीपची धूळ आठवत राहिले.

पाचव्या दिवशी अक्कानं झाडणी टाकली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. शीळ सुरू झाली. तिनं माझा खांदा धरला आणि मला वळवलं, आंधळ्याला वळवतात तसं. मग हात लांब करून बोट दाखवलं. तिच्या बोटाच्या पुढे, दोन वाळक्या पानांच्या मधे, दयाळ बसला होता. उन्हाची पहिली तिरीप त्याच्यावर होती. चोच उघडी. गळा फुगून आतली पिसं विलग झालेली. मी बटण दाबलं आणि दाबत राहिले. नऊ फोटो आले. मी अक्काला मिठी मारली, आणि खाली उतरताना माझा तोल गेला नि मी पानांच्या ढिगात आडवी झाले. पडल्याचा आवाज मला अर्धाच ऐकू आला.

धुळ्याला आल्यावर यांनी लगेच दवाखान्यात नंबर लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानात पाहून मान हलवली आणि तातडीनं जळगावच्या कानाच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथे एका लहानशा बंद खोलीत मला बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. उजव्या कानाचं झटपट झालं. मग डावा. काचेपलीकडे बसलेल्या मुलीचा हात यंत्रावर फिरताना दिसत होता. हात थोडा फिरायचा, ती माझ्याकडे बघायची, हात आणखी फिरायचा. मी वाट बघत होते. असं वाटलं की अजून सुरुवात व्हायचीय. मग तिनं हेडफोन काढायची खूण केली.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ दिवस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. भले गृहस्थ होते, रागावले नाहीत. म्हणाले, "आतली नस अचानक बसते कधीकधी. का, ते पुष्कळदा आम्हालाही सांगता येत नाही. पण औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो. आता देऊ आपण. आशा मात्र जपून ठेवा."

"पहिल्याच दिवशी आले असते तर?"

"आलं असतंच असं नाही."

"आणि आलं असतं?"

त्यांनी पेन पुन्हा उचललं. हे माझ्या शेजारच्या खुर्चीत होते, डावीकडच्या. त्यांनी काही म्हटलं असेल तर मला ठाऊक नाही.

गोळ्या झाल्या. कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. नणंदेनं कसलंसं तेल आणलं, ते डॉक्टरांनी फेकायला लावलं. मी देवाला नवस बोलले, ज्याच्याकडे वर्षानुवर्षं काही मागितलं नव्हतं. घड्याळ कानाशी धरून बसायची. पिठाच्या डब्याच्या झाकणावर बोटं वाजवायची. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की उजवा कान तळव्यानं गच्च दाबून वाट बघायची, आणि आत फक्त ती चक्की फिरत राहायची. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर हे माझ्या डावीकडे येऊन बसत. मी उजवा कान बंद करून डोळे मिटायचे. ते माझ्या कानाशी बोटं चोळत आणि मी सांगायचं. चौदाव्या की पंधराव्या दिवशी मला ऐकू आलं. कोरड्या पानावरून मुंगी चालावी इतकं बारीक.

"आलं," मी म्हणाले. "अहो, आलं."

मी डोळे उघडले, कान सोडला.

"नले," हे म्हणाले, "मी बोटं चोळली नव्हती गं."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तो खेळ बंद केला. मात्र तेव्हापासून रस्त्यानं जाताना, देवळात, लग्नाच्या पंगतीत, हे न विसरता माझ्या उजव्या हाताला असतात. पंचवीस वर्षं डाव्या बाजूनं चाललेल्या माणसानं आपली जागा बदलली.

प्रदर्शनाला चार दिवस राहिले तेव्हा मी जळगावला गेले. पारोळा, एरंडोल, दोन्ही बाजूंना कापूस वेचून उरलेल्या उभ्या पळकाट्या आणि झडलेले लिंब. बसमध्ये कुणीतरी माझ्याशी बोलत होतं आणि मी हसून मान डोलावत होते. एव्हाना ती सवय लागली होती. भिकनभाऊनं नऊही फोटो पडद्यावर उघडले आणि पाचव्यावर थांबला.

"हा," तो म्हणाला. "बाई, हा आहे."

होता. गळा फुगलेला, चोच उघडी, मागे सागाची पानं धुरकट तांबूस. पाखरू डावीकडे तोंड करून बसलेलं. आणि डाव्या कडेनं फ्रेममध्ये शिरलेलं, फोकस सुटल्यामुळे पुसट झालेलं एक बोट, त्यामागे हिरव्या बांगड्यांचा ठिपका.

"कुणाचा हात?"

"तिथल्या एक बाई आहेत."

"काढायचा म्हटला तर पाखरासमोरची सगळी जागा जाते. चोच कडेला येऊन टेकेल." तो खुर्चीत मागे रेलला. "मी म्हणतो, राहू द्या. चांगला दिसतोय. पाखरू जसं काही तिच्याशीच बोलतंय."

"काढा."

"बाई, तुमचा माझा इतक्या वर्षांचा नियम..."

"काढा म्हणते ना."

मी त्याच्यावर आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. त्यानं माउस धरला आणि चौकोनाची कड सरकवत आणली. बोट गेलं. बांगड्या गेल्या. पाखराच्या चोचीपुढे नखाएवढी जागा उरली. आता तो फोटो वीस वर्षं पाखरं शोधणाऱ्या बाईनं स्वतः शोधून काढल्यासारखा दिसत होता. मी घरी येऊन कॅमेऱ्यातला मूळ फोटोही पुसून टाकला. बाकीचे आठही. साक्षीदार नको होता.

प्रदर्शनात त्याच फोटोसमोर गर्दी झाली. पांढऱ्या टोपीतले एक वयस्क गृहस्थ कितीतरी वेळ उभे होते. मला नमस्कार करून म्हणाले, "ताई, फोटोतून गाणं ऐकू येतंय."

"कोणत्या बाजूनं?" मी विचारलं.

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मी हॉलच्या मागच्या दारानं बाहेर आले. तिथे सायकलींच्या स्टँडजवळ लिंबाचा पाला पडत होता, आणि मी तोंडात पदर कोंबून उभी राहिले. भिकनभाऊ मला शोधत आला. माझ्या मागे किती वेळ उभा होता कोण जाणे. मी वळले तेव्हा त्याच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

त्यानंतरचं वर्ष मी सांगू नये असं आहे. शाळेत मुली "बाई" म्हणायच्या आणि मी भलत्याच बाकाकडे बघायची. काही हसल्या. मग वर्गातल्या एका शहाण्या मुलीनं नियम केला की बाईंना काही विचारायचं तर आधी हात वर करून उभं राहायचं, आणि मी त्या नियमाबद्दल तिची आभारी आहे नि त्याच नियमासाठी पुष्कळ दिवस तिचा राग केला. घरी आले की कॉम्प्युटर उघडायची. वीस वर्षांचे फोटो. एकेक पाखरू घेऊन मी त्याला कापत जायची, पानं कापायची, फांदी कापायची, पंख, शेपटी, ज्यांना भिकनभाऊनं कधी हात लावू दिला नव्हता ते सगळं कापून फक्त गळा ठेवायची. बुलबुलाचा गळा. हळद्याचा, शिंजिराचा. पडदाभर गळा. एवढा जवळ आल्यावर तरी तो ऐकू येईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पिसांचे नुसते चौकोनी ठिपके दिसायला लागायचे आणि तरी मी थांबायची नाही. हे दारात येऊन उभे राहत आणि परत जात. एके संध्याकाळी त्यांनी आत येऊन कॉम्प्युटरची वायर काढली आणि गुंडाळून आपल्या कपाटात ठेवली. मी भांडले नाही. कॅमेरा मीच कोठीच्या खोलीत नेऊन ठेवला.

लोक म्हणतात, एक कान आहे ना. खरं आहे. एका कानानं सगळं ऐकू येतं. फोन, कुकर, बातम्या, दयाळ. जातं ते फक्त कुठून ते. डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही कानांपर्यंत आवाज पोचण्यात जो इवलासा फरक असतो त्यावरून दिशा कळते. तो फरक संपला की आवाज नुसताच असतो. भूगोल शिकवणाऱ्या बाईच्या नकाशावरून दिशादर्शक बाण पुसला जावा, तसं. मी रस्ता ओलांडताना यांची बाही धरते. यात दुःख करावं असं काही नाही असं मी स्वतःला समजावते, आणि पानगळ येते.

परवा वर्गात मुलींच्या माना वळल्या, आणि रविवारी मी पिंपळनेरची बस धरली. कॅमेरा घेतला नाही. पिशवीत त्या बाराव्या फोटोची प्रिंट होती, प्रदर्शनानंतर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं. चार वर्षांत मी अक्काला तोंड दाखवलं नव्हतं.

अक्का वाळली होती. मोहाखाली झाडत होती, पण मधे मधे कंबरेवर हात ठेवून थांबत होती. मला पाहून तिनं झाडणी टाकली नाही, नुसती म्हणाली, "उनी का?" आलीस का, जसं मी कालच गेले होते.

चहा झाल्यावर मी प्रिंट काढून तिच्या हातात दिली. तिनं ती लांब धरली, जवळ धरली, बोट पाखरावरून फिरवलं.

"सकायनं पाखरू," ती म्हणाली. मग कपाळाला आठी घातली. "पन हाऊ असा भितले तोंड लाईसन कसाले बठना?"

पाखरू भिंतीला तोंड लावून बसल्यासारखं दिसतंय, हे तिला एका नजरेत कळलं. मी तिला सगळं सांगितलं. कान गेला ते, आणि फोटोत तिचा हात होता ते, आणि मी तो कापला ते. कुणाला कळू नये म्हणून कापला, हेही. सांगताना माझा आवाज केवढा झाला होता मला कळत नव्हतं, पण शेजारच्या अंगणातली कोंबडी पळाली.

अक्कानं आपला उजवा हात वर करून पालथा-सुलटा करून पाहिला. बांगड्या खाली घसरून कोपराशी गेल्या, इतकी ती बारीक झाली होती.

"मना हात मनापान शे ना," ती म्हणाली. "तू तुना कान कसाले दी उनी, ते सांग."

कान कशासाठी देऊन आले मी? एका फोटोसाठी. भिंतीवरच्या बाराव्या जागेसाठी.

मग आम्ही दोघी मोहाखाली झाडलेल्या जागेवर बसलो. ऊन चढत होतं. वर कुठेतरी शीळ सुरू झाली, लांब, गिरकी घेऊन थांबणारी. मी ताडकन उठले. स्वतःशी ठरवलेलं सगळं विसरून उजवीकडे वळले, मग मागे, मग पुन्हा उजवीकडे. सागाच्या मोठमोठ्या पानांच्या आड काही नव्हतं. चार वर्षांपूर्वीचीच ती सकाळ, तोच फेरा, आणि पाखरू सगळीकडून गात होतं. या वेळी अक्कानं बोट दाखवलं नाही. ती मला बघत होती. मी आणखी एकदा वळले आणि मग खाली बसले.

तो गात राहिला. मी मातीकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही. अक्का माझ्या डावीकडे होती. तिचे ओठ हलले. ती काहीतरी म्हणाली.

अशा वेळी काय करायचं ते माझ्या अंगवळणी पडलंय. हसायचं, मान डोलवायची, समोरच्याला बरं वाटतं. मुख्याध्यापकांना, बसमधल्या बायकांना, माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी चार वर्षं असंच डोलावत आले. मी मान डोलवायला सुरुवातही केली होती.

"अक्का," मी म्हणाले, "माले ऐकू नही उनं. परत सांग."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. माझ्या समोरून वळसा घालून उजव्या बाजूला आली, बसली आणि तोंड कानाजवळ आणलं.

"मी म्हनस, ऊन उनं तुनावर. आठे सरक."

मी सावलीत सरकले.